मे महिन्यात गाडीने मराठवाडा: घरच्यांना घेऊन निघण्याआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एप्रिल सरत आला की नात्यातल्यांचे फोन सुरू होतात. पोरांच्या परीक्षा संपल्या, गाडी दारात आहे, पण या उन्हात जायचं कुठं आणि कसं? आम्ही लातूरचे. सासू-सासरे, दोन मुलं आणि आम्ही दोघं, असे सहा जण दर मे महिन्यात पाच-सहा दिवस आपल्याच भागात गाडीने फिरतो. डोंगर, अभयारण्यं, लेणी, जुन्या विहिरी असं सगळं त्यात येतं. फोनवर तेच तेच सांगावं लागतं, म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवते आहे.

एवढ्या उन्हात कुणी मराठवाडा फिरतं का? हिवाळ्यात जावं ना!

हिवाळा चांगलाच. पण शाळांना सलग सुट्टी मे महिन्यातच असते आणि आजी-आजोबांसकट सगळं घर तेव्हाच एकत्र निघू शकतं. शिवाय उन्हाळ्याचं स्वतःचं असं काही आहे. झाडांची पानं गळालेली असतात, त्यामुळे डोंगराची हाडं-बरगड्या दिसतात. रानातलं पाणी मोजक्या जागी उरतं आणि जनावरं तिथं येतात. बहावा पिवळाधमक फुललेला असतो. दिवस उन्हाच्या वेळा बघून आखलात तर त्रास होत नाही. शहरातल्या सवयीने दहाला नाश्ता करून अकराला बाहेर पडलात, तर मात्र दुसऱ्याच दिवशी घर गाठावंसं वाटेल.

मराठवाडा म्हणजे वाळवंटच नाही का?

नाही. जैसलमेरकडे वर्षाला दोनशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आपल्याकडे सरासरी साडेसहाशे-सातशे मिलिमीटर पडतो. पण सह्याद्रीने अडवून उरलेला हा पाऊस चार महिन्यांत येतो, तोही मोठे खंड घेत. खाली काळा पाषाण, तो पाणी धरतो ते फक्त भेगांमध्ये आणि झिजलेल्या थरात. म्हणून ऑक्टोबरात हिरवीगार दिसणारी टेकडी मे महिन्यात भाजलेल्या भाकरीच्या रंगाची होते. तापमान म्हणाल तर परभणी-नांदेडकडे ४३-४४ अंश ही नेहमीची गोष्ट आहे. तयारी वाळवंटात जाताना करतात तशीच करा.

इथं राष्ट्रीय उद्यान कोणतं आहे?

एकही नाही. महाराष्ट्रातली सहा राष्ट्रीय उद्यानं विदर्भात, मुंबईत आणि पश्चिम घाटात आहेत. मराठवाड्यात अभयारण्यं आहेत: कन्नडजवळचं गौताळा औट्रमघाट (१९८६, सुमारे २६० चौरस किलोमीटर), पैठणचं जायकवाडी पक्षी अभयारण्य (तेही १९८६), बीड जिल्ह्यातलं नायगाव मयूर (१९९४), धाराशिव जिल्ह्यातलं येडशी रामलिंग घाट (१९९७) आणि किनवटच्या अंगाने यवतमाळच्या हद्दीला भिडलेलं पैनगंगा. ताडोबासारखी रांगेने उभी जिप्सी इथं नसते. कोणत्या वाटेने आत जाता येतं, शुल्क किती, सोबत वनमजूर मिळेल का, हे त्या त्या वनपरिक्षेत्र कार्यालयात आदल्या दिवशी विचारायचं.

मार्ग कसा ठरवावा?

राष्ट्रीय महामार्ग ५२ हा कणा धरा. सोलापूरहून तो तुळजापूर, धाराशिव, येडशी, बीड, गेवराई करत छत्रपती संभाजीनगरला येतो आणि पुढं कन्नडवरून औट्रम घाट उतरून चाळीसगावला जातो. म्हणजे वर सांगितलेल्यांपैकी बहुतेक जागा या एका रस्त्यावर किंवा त्याच्या आजूबाजूला येतात.

आम्ही लातूरहून पहाटे साडेचारला निघतो. उजाडताना येडशीचं रामलिंग मंदिर, दुपारी बीडला मुक्काम. दुसऱ्या दिवशी सकाळी नायगावचे मोर, मग पैठण. पुढचे दोन दिवस संभाजीनगरात राहून वेरूळ, देवगिरी आणि म्हैसमाळ. नंतर कन्नड-गौताळा, अजिंठा आणि परतीला जालन्यावरून लोणार. एवढं सहा दिवसांत बसतं. पाचच दिवस असतील तर देवगिरी गाळा. उन्हाळ्यात लहान मुलं आणि म्हातारी माणसं घेऊन तो चढ नकोच. खंदक आणि खालचा भाग बघून परतलात तरी चालेल.

एका दिवसात दोनशे किलोमीटरपेक्षा जास्त गाडी चालवू नका, एवढं पथ्य पाळा.

दिवसाचं वेळापत्रक कसं असावं?

साडेचारला उठणं, पाचला निघणं. पायी फिरायचं सगळं साडेनऊच्या आत. दहापर्यंत पोटभर जेवण. अकरा ते साडेचार सावलीत, शक्यतो खोलीवर. साडेपाचनंतर पुन्हा बाहेर. आठला जेवण, नऊला झोप.

दुपारचे साडेपाच तास वाया गेले असं सुरुवातीला वाटतं. आमच्या मुलांना तर पहिल्या वर्षी तो तुरुंगच वाटला होता. आता पत्ते, अंताक्षरी, आजोबांच्या रझाकारांच्या काळातल्या ऐकीव गोष्टी, सगळं त्या वेळात होतं. संभाजीनगरात असाल तर पाणचक्कीत जा. तिथल्या हौदाखाली एक लांब दालन आहे, डोक्यावर पाणी असल्याने ते थंड राहतं. डोंगरातलं पाणी मातीच्या नळांतून किलोमीटरच्या किलोमीटर आणून त्यावर जातं फिरवायचं, ही अठराव्या शतकातली करामत. त्याच्याही आधी सतराव्या शतकात मलिक अंबरने या शहराला नहर बांधून दिली होती. मुलांना हे तिथं उभं राहून समजतं.

पाणी किती न्यावं?

मोठ्या माणसाला दिवसाला चार ते पाच लिटर धरा, मुलांना त्याच्या निम्मं. आम्ही सहा जणांसाठी वीस लिटरचे दोन जार नेतो, त्यातला एक पिण्याचा आणि दुसरा हात-पाय, फडकी, गरज पडली तर रेडिएटरसाठी. रात्री मुक्कामाला दोन्ही पुन्हा भरायचे. अर्धा जार उरला की भरायची जागा शोधायला लागायचं, संपायची वाट बघायची नाही.

बाटलीतलं पाणी गाडीत चहासारखं तापतं. आमच्या सासऱ्यांनी जपून ठेवलेली कॅनव्हासची छागल, म्हणजे पाण्याची पिशवी आहे, ती बाहेरच्या आरशाला अडकवतो. वारा लागून पाणी गार राहतं. नसेल तर बाटलीला ओली दस्ती गुंडाळून वाऱ्याच्या झोतात ठेवा.

नुसतं पाणीही पीत राहू नका. घामातून मीठ जातं. ओआरएसची पाकिटं ठेवा, एक पाकीट एक लिटर पाण्यात. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि चहाचा अर्धा चमचा मीठ. ताक, पन्हं, लिंबू-मीठ-साखरेचं सरबत हे सगळं कामाचं. शीतपेयांच्या बाटल्यांनी तहान भागत नाही.

वाटेतल्या गावात पाणी मागितलं तर चालेल का?

हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा थांबून उत्तर देते.

कुणी नाही म्हणणार नाही. तांब्या भरून हातात देतील, वर गुळाचा खडा देतील. पण मे महिन्यात यातल्या कित्येक गावांना टँकरने पाणी येतं. टँकर आला की विहिरीत सोडतात आणि बाया-पोरं दोर टाकून ते शेंदतात. जो तांब्या तुम्हाला मिळाला तो कुणीतरी डोक्यावरून आणलेला असतो.

आम्हाला लातूरकरांना हे वेगळं सांगावं लागत नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने आमच्या शहराला पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, सुमारे पाच लाख लिटर पाणी. त्या उन्हाळ्यात आमच्या घरात आंघोळीचं पाणी परातीत धरून त्यानेच फरशी पुसली जायची आणि उरलेलं तुळशीला जायचं. माझी थोरली तेव्हा लहान होती, पण आजही ती नळ उघडा दिसला की धावत जाऊन बंद करते.

म्हणून गावात शिरताना आपलं पाणी आपल्याजवळ असू द्या. तहान लागली तर तांब्याभर जरूर प्या, पण जार भरून मागू नका आणि हापशावर गाडी धुऊ नका. हॉटेलात बादलीभर पाण्यात आंघोळ उरका. मुक्काम सोडताना जारात पाणी जास्त झालं असेल तर ते ओतून न देता जवळच्या पाणपोईच्या रांजणात घाला. मुलांना हे काम सोपवलं की ती ते फार मनापासून करतात.

जुन्या विहिरी आणि बारव बघायला मिळतील का?

मिळतील, आणि उन्हाळाच त्यासाठी बरा. पाणी खाली गेलेलं असल्याने पायऱ्या, देवकोष्ठं, दगडांचे सांधे उघडे दिसतात. परभणी जिल्ह्यात सेलू तालुक्यातल्या वालूरची बारव बघा. पायऱ्या गोल फिरत खाली उतरतात, वरून पाहिलं तर शंखाच्या पोटात डोकावल्यासारखं वाटतं. जिंतूरकडचं चारठाणा गावही मंदिरांसाठी आणि बारवेसाठी वाकडी वाट करून जावं असं आहे. बीडजवळची खजाना विहीर सोळाव्या शतकातली. जमिनीखालच्या बोगद्यांमधून तिच्यात पाणी येतं आणि पुढं शेतांना जातं. दुष्काळातही साथ देणारी विहीर म्हणून बीडची माणसं तिच्याबद्दल अभिमानाने बोलतात. काठावर मुलांचा हात सोडू नका, कठडे सगळीकडे नाहीत.

गाडीची काय तयारी करावी?

टायर आधी. जुना, कडक पडलेला, तडे गेलेला टायर बदलूनच निघा. हवा कमी असली की टायरच्या भिंती जास्त वाकतात, वाकून तापतात आणि फुटतात. हवा सकाळी, टायर थंड असताना, कंपनीने दाराच्या चौकटीवर लिहिलेल्या आकड्याइतकी भरा. ‘उन्हाळा आहे, कमीच ठेवा’ हा सल्ला चुकीचा आहे. स्टेपनीचीही हवा बघा. कूलंट, फॅन बेल्ट, एसीचा गॅस, वायपरचं रबर हे मेकॅनिककडून तपासून घ्या. इंजिन तापलं तर गाडी सावलीत बंद करा. रेडिएटरचं झाकण अर्धा-पाऊण तास उघडू नका, वाफ तोंडावर येते.

उन्हाळ्यात टाकी फुल भरली की स्फोट होतो म्हणतात, खरं का?

खोटं आहे. दर उन्हाळ्यात हा निरोप फिरतो आणि इंडियन ऑइलनेही त्याचा खुलासा केलेला आहे. टाकी ही उष्णता धरूनच बनवलेली असते. निर्धास्त भरा. गाडीत खरा धोका असतो तो लायटर, सेंटचे डबे आणि डॅशबोर्डवर विसरलेल्या पॉवर बँकेचा.

समृद्धी महामार्गाने जावं का?

जालना ते संभाजीनगर पट्ट्यात वेळ वाचतो. नागपूर ते मुंबईजवळचं आमणे, असा ७०१ किलोमीटरचा हा रस्ता जून २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाला. मोटारीला ताशी १२० ची मर्यादा आहे. म्हणून १२० ने जायलाच हवं असं नाही. काँक्रीट दुपारी भयंकर तापतं आणि सरळ रस्त्याने डोळ्यांवर झापड येते. आम्ही तो सकाळी आठच्या आतच वापरतो, नव्वदच्या वर जात नाही आणि दर तासाला चालवणाऱ्याला बोलतं ठेवायची पाळी एकेकाकडे असते. पाणी-खाणं सोबत घेऊनच वर चढा.

पोरगं झोपलंय, पाच मिनिटं गाडीतच राहू दे का?

नाही. खिडकी थोडी उघडी ठेवूनही नाही. बंद गाडीचं तापमान अर्ध्या तासात बाहेरच्यापेक्षा वीस अंशांनी वाढू शकतं आणि लहान मुलाचं अंग मोठ्यांपेक्षा लवकर तापतं. झोपमोड झाली तर होऊ द्या. म्हाताऱ्या माणसांनाही हेच लागू.

वेरूळ-अजिंठा उन्हाळ्यात झेपेल का?

वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी बंद, हे आधी लिहून ठेवा. वेरूळ सूर्योदयाला उघडतं. दार उघडतानाच सोळा नंबरच्या कैलास लेण्यात शिरा. वरून खाली कोरत आणलेलं ते देऊळ आठ वाजेपर्यंत सावलीत असतं. नंतर तो काळा दगड तव्यासारखा तापतो आणि रात्रीपर्यंत धग सोडत राहतो. चौतीसच्या चौतीस लेणी बघायचा हट्ट नको. दहा, सोळा, बत्तीस एवढी नीट बघा.

अजिंठ्याचं गणित अवघड आहे, कारण ते नऊला उघडतं. फर्दापूरजवळ गाडी ठेवून पुढं चार किलोमीटर बसने जावं लागतं. आम्ही साडेआठलाच रांगेत असतो. वाघूर नदीच्या वळणात घोड्याच्या नालेसारखी ती दरी आहे, वारा फिरकत नाही. पण लेण्यांच्या आत गारवा आहे. एक, दोन, सोळा, सतरा ही चित्रांची लेणी आधी बघा, प्रत्येकात दहा मिनिटं बसा, डोळे अंधाराला सरावले की रंग वर येतात. आजीला चढ झेपत नसेल तर डोलीवाले असतात. भाव आधीच ठरवा.

देवळात अनवाणी पाय भाजतात, काय करावं?

जाड सुती मोजे. घृष्णेश्वर, औंढा नागनाथ, परळी वैजनाथ, तुळजापूर, सगळीकडे फरसबंदी दुपारी पाय टेकू देत नाही. सहा जोड पिशवीत ठेवा. त्याहून चांगलं म्हणजे काकड आरतीच्या वेळेलाच दर्शन.

सासू-सासऱ्यांना बीपी-शुगर आहे. न्यावं का?

निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. विशेषतः लघवी वाढवणारी बीपीची गोळी असेल तर उन्हात तिचं काय करायचं ते त्यांनीच सांगावं, आपण मनाने बंद करू नये. इन्सुलिन गाडीत सोडू नका. आम्ही ते डबीत घालून, ओलं फडकं गुंडाळलेल्या लहान मडक्यात ठेवतो.

तीन वर्षांपूर्वी आमची चूक झाली होती. वेरूळला ‘अजून एकच लेणं’ करत साडेअकरा वाजवले. सासरे बोलता बोलता अडखळले, चिडचिड करायला लागले, मग घाम यायचा थांबला. ‘बाबा, बसा’ म्हटलं तर ‘मला काही झालं नाही’ म्हणाले. ऊन लागलेल्या माणसाला स्वतःला ते कळत नाही, हे त्या दिवशी शिकलो. सावलीत आडवं केलं, शर्ट मोकळा केला, अंगावर पाणी ओतून उपरण्याने वारा घातला, मानेला, काखेत ओली फडकी ठेवली. दवाखान्यात नेलं, संध्याकाळपर्यंत सावरले. माणूस बरळत असेल, शुद्ध हरपत असेल किंवा अंग चटका बसावा इतकं तापलं असेल तर १०८ ला फोन करा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत अंग गार करत राहा. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका.

खायला काय न्यावं?

धपाटे. दोन दिवस टिकतात आणि दह्याबरोबर पोट थंड राहतं. ज्वारीची कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा, कैरी. लसणाचा ठेचा थोडाच, तहान वाढवतो. रसवंतीवर रस प्या, पण बर्फ न घालता. मेच्या मध्यापासून केसर आंबा बाजारात येतो, रस्त्याकडेच्या बागवानाकडून घ्या.

जनावरं दिसतील का? वाघ?

येडशीच्या देवळात वानरं तर पिशवीच ओढतील. गौताळ्यात रोही (नीलगाय), चिंकारा, मोर, नशीब असेल तर अस्वलाचे माग. बिबट्या आहे, पण दिसेलच असं नाही. वाघ इथं राहणारा नव्हे, पण वाटसरू म्हणून येतो. २०२१ मध्ये गौताळ्यात वाघाची नोंद झाली आणि २०२४ च्या डिसेंबरात टिपेश्वर अभयारण्याकडचा वाघ थेट येडशीच्या कॅमेऱ्यात आला. यवतमाळहून शेतं, रस्ते, वस्त्या ओलांडत तो येडशीकडच्या बालाघाट डोंगररांगेपर्यंत पोचला, हे मुलांना नकाशावर बोट फिरवून दाखवा.

वैशाखातल्या बुद्ध पौर्णिमेला वनविभाग पाणवठ्यावरच्या मचाणावर रात्र काढू देतो. नावनोंदणी आधी करावी लागते. आम्ही दोघं एकदा बसलो होतो. रात्रभरात एक रोही, दोन सायाळ आणि खूपशी शांतता मिळाली.

पाणवठ्याजवळ काय पाळायचं?

लांब थांबा. तुम्ही अर्धा तास काठावर बसलात तर तेवढा वेळ एखादं जनावर झुडपात तहानलेलं उभं असतं. हात-तोंड धुणं, साबण, बाटल्या नकोतच. विडी-काडी पेटवू नका, चूल मांडू नका. मेमधलं गवत एका ठिणगीत डोंगर घेऊन जातं.

धबधबे?

सोडून द्या. रामलिंग, कपिलधार, वेरूळची सीता की नहाणी, नळदुर्गचे नर-मादी, सगळे पावसाळ्यातले. त्यासाठी ऑगस्टात वेगळे या.

लोणार तर विदर्भात येतं ना?

हो, बुलढाणा जिल्ह्यात. पण जालन्याहून मंठ्यावरून ते जवळ पडतं. उल्का आदळून काळ्या पाषाणात झालेलं हे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर आहे. आतलं पाणी खारट आणि क्षारयुक्त. २०२० च्या जूनमध्ये मीठ आवडणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे ते गुलाबी झालं होतं आणि त्याच वर्षी त्याला रामसर दर्जा, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा हा मान मिळाला. खाली उतरायचं तर सहाला उतरा. परतीचा चढ उन्हात भारी पडतो.

वळीव आला तर?

येतोच. दुपारी कुंद होतं, तीन-चारला धुळीची वावटळ उठते आणि मग गारा. विजा कडाडत असतील तर झाडाखाली किंवा लेण्याच्या तोंडाशी उभं न राहता गाडीत काचा बंद करून बसा. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ ॲप मोबाइलवर ठेवा, जवळपास वीज पडण्याचा इशारा देतं.

कधीपर्यंत फिरता येईल?

आम्ही मेच्या शेवटच्या आठवड्याआधी परततो. पावशा ‘पेरते व्हा’ म्हणत ओरडायला लागलेला असतो आणि सासऱ्यांचं चित्त गावाकडच्या रानाकडे लागतं. ७-८ जूनला मृग निघतो, त्याआधी बियाणं आणायचं असतं, बांध नीट करायचे असतात. नोकरदारांना ही घाई नसली तरी जूनच्या पहिल्या आठवड्यापुढं जंगलातल्या कच्च्या वाटा धरू नका. पहिल्याच जोरदार सरीत काळी माती चाकांना अशी चिकटते की ट्रॅक्टर बोलवावा लागतो.